अणूचं सुतक

राग माझ्या नाकावर असतो, हे अमरावतीच्या राजापेठेत कोणालाही विचारा, सांगतील. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. वर्गात पोरींना शुद्ध बोलायला लावायची, आणि एकदा डोकं फिरलं की माझ्याच तोंडून ‘मले’ आणि ‘तुले’ सुरू. आमचे हे वकील. ते म्हणायचे, कोर्टात मी वर्षभर जेवढं भांडत नाही तेवढं तू एका सकाळी भाजीवाल्याशी भांडतेस. म्हणोत बापडे. पण आज सांगायला बसले आहे तो राग भाजीवाल्यावरचा नाही. इतकी वर्षं झाली, तरी अकोल्याच्या बसमध्ये बसले आणि मूर्तिजापूर मागे पडलं की माझा जबडा दुखायला लागतो. बघते तर दात आवळलेले असतात.

माझ्या पाठची एक बहीण. आम्ही तिला धाकटीच म्हणायचो. तिला अकोल्याला दिली, जठारपेठेत. सासरे मोठे याज्ञिक. गावातली निम्मी लग्नं, मुंजी, वास्तुशांती त्यांच्या हातची. जावई हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर पूजा सांगायला जायचे. घरात सोवळं कडक. पाणी सोवळ्यात, स्वयंपाक सोवळ्यात, आणि बायकांचे महिन्याचे चार दिवस परसातल्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. आम्ही तरी कुठे फार सुधारलेले होतो? आमच्या आईकडेही बाजूला बसणं होतंच, त्यामुळे लग्न ठरवताना कोणाला काही खटकलं नाही. स्थळ चांगलं आहे, माणसं विद्वान आहेत, असं जो तो म्हणाला. विद्वान! हा शब्द ऐकला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तिला एक मुलगी झाली. पोरगी चालायला-बोलायला लागली आणि धाकटी पांढरी पडत गेली. चीनची लढाई होऊन गेली होती, त्याच्या पुढची ही वर्षं. एका दिवाळीला ती माहेरी म्हणून माझ्याकडे आली, तर जिना चढताना मध्येच बसली. नखं मधोमध खोलगट झालेली. पापणी ओढून पाहिली तर आत लाल म्हणून काही नाही. चुलीची भाजकी माती पदराला बांधून ठेवायची आणि लपून खायची. सासू म्हणायची, माती खाते म्हणून पांढरी पडली. प्रकार उलटा होता. अंगात रक्त नव्हतं म्हणून मातीची वासना होत होती, पण हे आम्हाला फार पुढे मुंबईला कळलं.

एक दिवस ती परसाकडून आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘अक्का, डांबरासारखं काळं होतं गं. कितीतरी महिने झाले.’’

‘‘अगं, मग बोलली कावून नाहीस?’’

‘‘असलं कोणाला सांगायचं असतं का?’’

खरंच, कोणाला सांगणार? सासूला? नवऱ्याला? तो पाणिनी सांगणारा माणूस. मी जावयांना बोलावून घेतलं आणि अमुक असं होतंय, डॉक्टरकडे न्या म्हणून स्पष्ट सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले, पण घेऊन गेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. आता या औषधानंही शौचाला काळंच होतं. झालं! त्या दिवसापासून काळं दिसलं की ते औषधाचं, घाबरायचं कारण नाही. पोटातून रक्त वाहतंय की बाटलीतलं लोह, हे ओळखायची सोयच राहिली नाही.

पुढे खडू कालवल्यासारखं काहीतरी पांढरं पाजून फोटो काढले. त्यात काही दिसेना. रक्ताची बाटली चढवली की धाकटीच्या गालांवर थोडे दिवस रंग यायचा, मग पुन्हा तेच. शेवटी तिथल्या सर्जननी पोट उघडलं. मी शाळेतून रजा घेऊन दवाखान्याच्या ओसरीत बसले होते. ते बाहेर आले आणि जावयांना म्हणाले, ‘‘सगळं आतडं चाचपून पाहिलं, काही निघालं नाही. त्यांचं मन रमवा जरा.’’

‘‘मग रक्त कुठे जातं?’’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर जावयांना दिलं. ‘‘बायकांचं असतं असं कधी कधी.’’

बायकांचं असतं! अहो, सापडलं नाही याचा अर्थ तिथे नाही, असा कुठल्या गावचा हिशेब? माझी चष्म्याची डबी मला रोज सापडत नाही, म्हणून ती घरात नसते का? पण जठारपेठेत तोच अर्थ झाला. टाके ओले होते तेव्हाच सासू तिच्या खाटेशी उभी राहून म्हणाली, ‘‘पोट फाडून पायलं, काई निघालं नाई. आता तं उठ बाई अन् कामाले लाग.’’ मी तिथे असते तर काय झालं असतं कोण जाणे. मला हे धाकटीनं नंतर सांगितलं, आणि तेही हसत सांगितलं. तिच्या त्या हसण्याचासुद्धा मला राग आला.

आमच्या ह्यांच्या वर्गमित्राचा भाऊ मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात होता. त्यानं सांगितलं, आमच्याकडे परदेशातून शिकून आलेले एक सर्जन आहेत, पोटात दडलेल्या गाठी शोधायची नवी तऱ्हा करून पाहताहेत, घेऊन या. मी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहिली नाही, आधीच रजा टाकली. जावईही आले, हे कबूल करते. पोरगी आजीजवळ राहिली. मी बडनेऱ्याहून गाडी धरली, ती दोघं अकोल्याला चढली, आणि आम्ही मुंबईला पोचलो.

डॉक्टर तरुण होते. मी पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली तर हात वर करून म्हणाले, ‘‘तुम्ही नाही, यांना बोलू द्या.’’ माझी बोलती बंद करणारा हा पहिला माणूस, आणि राग न येता मी गप्प बसले तीही पहिलीच खेप. कारण धाकटीला कोणी समोर बसवून विचारलं, असं आजवर झालंच नव्हतं. ती बोलली. डांबराचं बोलली, मातीचं बोलली. डॉक्टरांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. आतड्यात कुठेतरी बारीक गाठ असावी, ती थोडी थोडी गळते आहे. बोटांना ती लागत नाही. तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किरण सोडणारा फॉस्फरस शिरेतून द्यायचा. शरीरात जिथे पेशी भराभर वाढतात तिथे तो जास्त जाऊन बसतो. पोट उघडल्यावर एक बारीक सळई आतड्याला टेकवत टेकवत न्यायची. तिला जोडलेलं यंत्र टकटकतं. जिथे फॉस्फरस जास्त, तिथे टकटक जास्त. हे किरण फार लांब जात नाहीत, सळई अगदी टेकवावी लागते.

‘‘म्हणजे अणूचंच का हे?’’ जावयांनी विचारलं.

‘‘अणूचंच. पण भिण्यासारखं नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आणि हेही सांगतो की ही तऱ्हा नवी आहे, सापडेलच अशी हमी देत नाही.’’

चीननं अणुबॉम्ब उडवल्याची बातमी तेव्हा ताजी होती. पेपरात धुराच्या लोटाचे फोटो येत होते. जावयांचा चेहरा उतरला. धाकटी मात्र म्हणाली, ‘‘करा. काही नाही निघालं असं परत ऐकण्यापेक्षा बरं.’’

आणि सापडली! डॉक्टर बाहेर आले ते मला शोधत आले. आतड्याच्या सुरुवातीला जे वळण असतं, जे मागे दडलेलं असतं, तिथे सळई टेकवली आणि यंत्र एकदम तडतडायला लागलं म्हणाले. टकटक थोडीफार सगळीकडेच होती, पण तिथे जोर होता. बोटाला तरीही काही लागेना. त्यांनी तेवढा भाग उघडून पाहिला तर आतल्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ, तोंड फुटलेली. एवढासा तो हरभरा माझ्या बहिणीचं रक्त वर्षभर पीत होता, आणि लोक तिला म्हणत होते की तुझं मन रमत नाही. मी तिथेच ओसरीत मोठ्यानं रडले. जावईही रडले. ती गाठ पुन्हा कधी आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. माझा राग त्या गाठीवर नाही.

मुंबईला जावई मला फार आवडले, हेही सांगते. तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांनी धाकटीला मऊ भात भरवला, काखेत हात घालून चालवलं, कधी मी खाली गेलेली असले तर शौचाचं भांडंही उचललं. निघताना डॉक्टरांनी त्यांना आणि मला समोर उभं करून सांगितलं, ‘‘काही दिवस हिची लघवी-शौच आणि जखमेचे बोळे वेगळे ठेवा, हात धुवा. बाकी काही नाही. हिला शिवायला, लेकराला जवळ घ्यायला काही हरकत नाही. समजलं?’’ जावयांनी समजलं म्हणून मान हलवली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली ती मान हलताना.

अकोला स्टेशनावर ते दोघं उतरले, मी तशीच बडनेऱ्याला आले. शाळा होती, घर होतं. धाकटी बरी आहे, असे निरोप येत राहिले. आखाडात तिला बोलावलं तर, प्रवास नको म्हणाले. राखीला बोलावलं तरी तेच. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. आपल्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे काय असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. मी ठरवलं, आता आपणच जायचं, बोलावणं असो की नसो.

घर माणसांनी भरलेलं. माजघरात महालक्ष्म्या उभ्या, त्यांच्यापुढे सगळ्या भाज्या, अंबील, पुरणाच्या पोळ्या मांडलेल्या. जावई सोवळं नेसून नैवेद्याच्या तयारीत. सासूनं मला पाहिलं आणि हातातलं तबक खाली ठेवून ती पाट मांडायला लागली.

‘‘धाकटी कुठाय?’’

‘‘आहे मागं. तुमी हातपाय धुवा ना बाई, पान वाढून राहिलो.’’

मला वाटलं, चार दिवसांतली असेल, आणि सणालाच नेमकं आलं म्हणून हळहळत मी परसात गेले. खोलीचं दार उघडं होतं. धाकटी उंबऱ्याच्या आत बसली होती. गाल भरलेले, ओठ लाल. इतकी देखणी मी तिला लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. तिच्यापासून पाच-सहा हात दूर अंगणात माझी भाची उभी होती, नवं परकर-पोलकं घातलेली. मी पुढे पाऊल टाकलं तर पोरगी ओरडली, ‘‘मावशी, तिकडे नको जाऊ! आईच्या पोटात बॉम्ब आहे. शिवलं की मरतं.’’

मी धाकटीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

‘‘कधीपासून?’’

‘‘मुंबईहून आले तेव्हापासून.’’

सगळं तिनं सांगितलं ते असं. घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, काय इलाज केला? जावयांनी सांगितलं, अणूचा. सासरे म्हणाले, मग याचं अशौच किती? पोथ्या निघाल्या. जन्माच्या सोयराचे दिवस ठरलेले आहेत, सुतकाचे ठरलेले आहेत, बाईच्या विटाळाचे चार. अणूचे किती? कुठेच नाही. धर्मशास्त्रात शेवट सांगितलेला नाही तर आपल्या मनानं कसा ठरवायचा? काशीला विचारणा केली होती, तिकडून काही कळेना. तोवर बसा खोलीत. ताट वेगळं, पाणी वरून, धुणं वेगळं. सुतकातला माणूस कधीतरी न्हाऊन घरात येतो. हिचा न्हाण्याचा दिवसच कोणाला माहीत नव्हता. आणि पोरीनं जवळ जाऊ नये म्हणून आजीनं तिला ते बॉम्बचं सांगितलं होतं.

पावसाळा गेला, बापा! अख्खा पावसाळा त्या झरोक्याखाली! डॉक्टरांनी सळई टेकवून टेकवून जिला वाचवली, तिला या लोकांनी चांगली धडधाकट असताना कोपऱ्यात ठेवली होती. मी तिला धरायला गेले तर ती मागे सरकली. ‘‘अक्का, शिवू नकोस. मग तुला जेवायला नाही वाढणार.’’

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते हे मला त्या दिवशी कळलं. मी तिचं मनगट पकडलं, तिला उठवलं, आणि ओढत अंगणातून, मागच्या पडवीतून, थेट माजघराच्या दारात नेऊन उभी केली. बायकांनी लुगडी सावरली. पंगतीतला एक म्हातारा पाटावरून उठलाच.

‘‘अवो बाई, काय करून राहिल्या तुमी?’’ सासू किंचाळली. ‘‘सगळं बाटवलं ना!’’

सासरे शांत होते. त्या माणसाचा आवाज कधी चढायचा नाही, त्याचाही मला राग. ते म्हणाले, ‘‘बाई, सणाचा दिवस आहे. आम्ही काही दुष्टपणा करत नाही. शास्त्र आहे.’’

‘‘कोणतं शास्त्र? पान दाखवा.’’

‘‘तेच तर शोधून राहिलो.’’

‘‘शोधून राहिले? अन् सापडलं नाही तं हिला मरेपर्यंत बसवणार? डॉक्टरनं सांगितलं होतं, शिवायला हरकत नाही. लेकराले जवळ घ्यायला हरकत नाही. मले सांगू नका शास्त्र! मुंबईला हिची वेणी मी घातली, हिचं अंग मी पुसलं. मी काही मेले? मला पण बसवा खोलीत!’’

‘‘तुमचं घर तुमच्यापाशी,’’ सासरे म्हणाले. ‘‘या घरातलं कोणी तिला शिवलेलं नाही.’’

मी जावयांकडे पाहिलं. नैवेद्याचं ताट हातात धरून ते महालक्ष्म्यांसमोर पुतळ्यासारखे उभे होते. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की या बाबानं घरी काय सांगितलं असेल.

‘‘कोणी शिवलं नाही?’’ मी म्हटलं. ‘‘हे काय उभे आहेत सोवळ्यात! यांनी भात भरवला तिला. काखेत हात घालून चालवलं. तिचं भांडं उचललं यांनी, हो, विचारा!’’

सासरे मुलाकडे वळले. ‘‘तू तं म्हणाला होता, दारातूनच पाहत होतो म्हणून.’’

एवढा सभेत श्लोक म्हणणारा माणूस, त्याला ‘हो, शिवलो’ एवढं म्हणता आलं नाही. तेवढं म्हटलं असतं तर पूजा सांगणाऱ्या मुलाला कोण खोलीत बसवणार होतं, पहिल्याच दिवशी सगळं मिटलं असतं. बायकोला शिवलो, हे सांगायची याला लाज. आपली लाज राखायला त्यानं बायकोला पावसाळाभर अंधारात ठेवली. मुंबईला मला आवडला होता तो माणूस, म्हणून तर तो राग अजून विझत नाही.

सासरे भिंतीला धरून खाली बसले. मला वाटलं, आता यांना काहीतरी उमगलं. कसलं काय! ते पुटपुटत होते, ‘‘अन् तेव्हापासून हा यजमानांकडे पूजा सांगून राहिला.’’ सुनेचे गेलेले महिने त्यांना दिसले नाहीत. बाटलेल्या पूजा दिसल्या. मग ते म्हणाले, ‘‘घेऊन जा तिला तुमच्याकडे.’’

‘‘नेते. लेकरासकट नेते.’’

‘‘पोरगी नाई मिळणार,’’ सासू म्हणाली.

‘‘तिच्या आईला विचारा ना!’’ असं म्हणून मी पोरीला उचललं आणि माझ्या बहिणीच्या हातांत दिलं. त्याच्यासाठीच मी हे सगळं केलं होतं. त्या पावसाळ्यात धाकटीनं तिला एकदाही हात लावला नव्हता.

पोरगी जी किंचाळली! अंगावर उकळतं पाणी पडलं तरी लेकरू असं ओरडणार नाही. हातपाय झाडले, पाठ ताठ केली, ‘‘मरते मी, मरते, आजी, मी मरते!’’ तिचा श्वास अडकला. धाकटीनं तिला फक्त एकदा पाहिलं आणि माझ्याकडे परत केलं. ‘‘घे अक्का. उचल तिला. भिते ती.’’

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी मान वर करून बोलली नव्हती.

‘‘मामंजी, पोरगी माझ्याबरोबर येईल. मी शिवणार नाही तिला. पण ती माझ्या डोळ्यांसमोर राहील.’’

जावई आत गेले आणि पोरीचे कपडे एका धोतरात बांधून घेऊन आले. एवढंच केलं त्यांनी. महालक्ष्म्यांच्या घरातून आम्ही तिघी उपाशी निघालो आणि संध्याकाळच्या बसनं अमरावतीला आलो.

आमच्या घरात धाकटीला सगळं मोकळं होतं. ती स्वयंपाक करायची, हे तिच्या हातचं जेवायचे आणि मुद्दाम मोठ्यानं वाहवा करायचे. पण पोरीच्या बाबतीत तिनं शब्द पाळला. पोरगी खोलीत आली की ती आपले हात पदराखाली घ्यायची. तिची वेणी मी घालायची, तिला भरवायची मी. धाकटी समोर बसून बघायची. मी म्हणायची, अगं धर एकदा, रडेल रडेल आणि गप्प होईल. ती म्हणायची, ‘‘नाही अक्का. मी तिच्यासमोर म्हटलंय ना.’’ मला अकोल्याला जाऊन त्या सगळ्यांना पुन्हा एकदा झोडपून काढावंसं वाटायचं. पण झोडपून या लेकराच्या डोक्यातलं निघणार होतं का?

पोरगी माझ्यावर नजर ठेवून असायची. मी दळण निवडत असले, पेपर तपासत असले, तरी ही समोर बसून टकमक बघायची. एकदा म्हणाली, ‘‘मावशी, तू आईले शिवली ना?’’

‘‘रोज शिवते.’’

‘‘मग तू कधी मरशील?’’

‘‘मला अजून पुष्कळ लोकांशी भांडायचंय. एवढ्यात नाही.’’

ती हसली नाही. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा बघत बसली.

दिवाळी जवळ आली तेव्हाची गोष्ट. जावई येऊन भेटून गेले होते. दारातच बसले, चहा प्याले, गेले. दुपारी धाकटी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी स्वयंपाकघरात विळीवर अंबाडीची भाजी चिरत होते. पोरगी आतून आली. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, जणू ओला रंग लागलाय. माझ्याजवळ येऊन बसली.

‘‘काय झालं गं?’’

‘‘मी आईले शिवले.’’

मी विळी मिटली. ‘‘कुठे शिवलीस?’’

‘‘गालाले. रडत होती. मी पुसलं.’’

मी काही बोलणार तेवढ्यात ती माझ्या कानाशी आली, आणि आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाली, ‘‘मावशी, मी मेले ना, तं आईले सांगजो नको.’’